पोरीचा सूर तुटला तवा

खापरखेड्याच्या बायाहो, वीजकेंद्राचं क्वार्टर खाली केलं तवा तुम्ही ट्रकमागं रडत होत्या. मी रडली नाही. आमचे ह्ये गेले तवाच रडून झालं होतं. "जलमभर राख खाल्ली, आता नागपुरात बेस्याची हवा खा वं," तुम्ही म्हटलं. हवा कायची? चौथ्या माळ्यावरचा फ्लॅट, सारी दारं बंद. तिकडं भांडाले तरी कोणी होतं.

घरात आवाज म्हंजे नात प्रज्ञाचा. थे कॉयरमध्ये, गाणाऱ्याईच्या मंडळात गाते. येशूले सुळावर चढवलं त्या दुःखाचं गाणं, शेकडो वर्सं जुनं, जर्मन भाषेतलं. पॅशन म्हंतात त्याले. पोरगी सैपाकखोलीत थेच घोकून राहायची. शब्द मले एक नाही समजला, सूर मात्र पाठ झाला.

माह्या लेकाले, मिलिंदले, हे पटत नव्हतं. "परीक्षा सोडून हे काय लावलं? एकडाव ऐकतो. फजिती झाली तर बंद म्हंजे बंद." पोरीचं जेवण तुटलं.

इतवारच्या दिवशी तिच्या कार्यक्रमाले सदरच्या चर्चमध्ये आम्ही पुढंच बसलो. व्हायलिनं सुरू झाले. कोणी खोकतबी नाही. प्रज्ञा एकटी पुढं आली. सुरुवात बरी झाली. मंग मधातच बापाकडं नजर गेली अन् आवाज तुटला. वाजवणारे वाजवून राहिले, पोरगी चूप. मिलिंदनं हाताची घडी घातली.

आपल्या भजनमंडळात गाणारीचा दम तुटला तर मागच्या बाया झील धरतात, सूर खाली पडू देत नाही. म्या इचारच नाही केला. बसल्या जागी सूर धरला. शब्द नाही, नुसतं आ.

सारं चर्च माह्याकडं पाहाले लागलं. मिलिंदनं पदर ओढला, "काय करून राहिली वं माय! चूप बस ना!" म्या सोडलं नाही. पोरीनं माह्याकडं पाहिलं, दम घेतला अन् तिथूनच उचललं. मंग मी चूप झाली.

तिचं गाणं संपलं. टाळी नाही, काही नाही. अशा गाण्यात मधात टाळ्या वाजवत नाहीत, हे मले काय ठाऊक? मले वाटलं, गेलं सारं.

बाहेर पोरगी बापासमोर मान खाली घालून उभी. मिलिंदनं गाडीची चाबी काढली, म्हणे, "पुढच्या वेळी या म्हातारीले मागच्या बाकावर बसवतो मी."

पुढच्या वेळी! तेवढंच ऐकलं म्या.

वापस कधी येशीन वं, इचारता तुम्ही. भेटाले येईन. राहाले नाही. तिकडं झील धराले तुम्ही साऱ्याजणी आहा. इथं मी एकटीच आहो.