सरकारनं टाकलेली नावं

"एक मोमिनाबाद दे," म्हणून ती केजच्या स्टँडवर कंडक्टरपुढे पैसे धरायची.

"आजी, अंबाजोगाई म्हणा. मोमिनाबाद असं गावच न्हाई आता."

"गाव न्हाई, मंग ही गाडी कुठं चालली बे?"

आमच्या भागातली ही शेळ्यावाली तुम्हीही पाहिली असेल. हैदराबाद तिच्या तोंडी भागानगर, औरंगाबाद खडकी, पुणे पुनवडी. बाप शेळ्या घेऊन बाजार फिरायचा, त्याच्याकडून ही नावं आलेली. कुणी हसलं की म्हणायची, "सरकारनं टाकलं ते मी उचलते. तुमचं काय जातंय?"

दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. मी फाटकावर होतो. ती शेळ्या घेऊन आली, तशी मी कडी लावली. छावणी गाई-म्हशी-बैलांची; शेळ्या नियमात नव्हत्या.

"कावून? शेळीला पोट न्हाई?"

त्याच आठवड्यात तिची गाभण शेळी मेली. नियम माझा नव्हता, पण कडी मी लावली होती. हे आजवर कुणाला बोललो नाही.

ती हटली नाही. कुंपणाबाहेर बसून तिनं छावणीतल्या रांगांनाच नावं ठेवली. चेअरमनच्या सोयऱ्यांच्या जर्सी गाई सावलीत, म्हणून ती रांग मुंबईसारखी मायानगरी. मधली खडकी. उन्हातली शेवटची पुनवडी. बघता बघता टँकरवालाही विचारू लागला, "पुनवडीला पाणी पोचलं का?"

संध्याकाळी छावणीतल्या बायका गुरांनी खाऊन उरलेली कडब्याची धाटं कुंपणावरून तिला द्यायच्या. तिच्या शेळ्या त्यावरच तगल्या होत्या.

चेअरमननं ते पाहिलं. "चारा बाहेर गेला तर जनावरासकट हाकलीन एकेकाला!"

दुसऱ्या सकाळी पुनवडीनं संस्थेला दूध घातलं नाही. मग खडकीनंही नाही. भरल्या चरव्या घेऊन बायका नुसत्या उभ्या. ऊन चढत होतं, दूध नासायला आलं होतं.

चेअरमन तणतणत फाटकाशी आले. "म्हातारे, काय पायजे तुला?"

"मला काय न्हाई. शेळ्यांना आत घ्या."

"शेळ्यांची रांगच न्हाई इथं!"

"करते की मी. नाव बी ठेवते."

बायका हसल्या. चेअरमननं माझ्याकडं पाहिलं. त्यांनी काही सांगायच्या आत मी कडी काढली.

माझ्याकडं न बघता ती कळप घेऊन थेट सावलीत गेली. एका जर्सीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणाली, "सरक गं बाई. लई झाली सावली तुला."