अंदाजाने शिवलेला ब्लाउज

मी घर सोडलं त्या सकाळी आई मशीनवर नव्हती. मशीनकडे पाठ करून पाटावर बसली होती आणि कशाला तरी बटणं लावत होती. लग्नाचा हंगाम होता. खुंटीवर गावातल्या पोरींचे ब्लाउज टांगलेले होते, डाळिंबी, हळदी, मोरपंखी, आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. मी बॅग उचलायला वाकले तेव्हा तिनं दातांनी धागा तोडला, हातातले कपडे घडी करून माझ्या बॅगेत कोंबले आणि चेन लावली. वर पाहिलंच नाही. म्हणाली, "तिकडे ज्या नावानं राह्याचं त्या नावानं राहय. इथं ते नाव आणू नको."

बाबा आधीच वारलेले. घरात आम्ही दोघीच, आणि त्यातली दुसरी कोण हाच वाद. तुमसर रोडहून रायपूरची पॅसेंजर पकडली. गोंदिया मागे पडल्यावर बॅग उघडली तर आत चार शर्ट. पुरुषांचे, माझे जुने, कडक इस्त्रीचे. ज्यातून सुटायला निघाले होते तेच तिनं घडी करून सोबत दिलं होतं. डोंगरगड येईपर्यंत मी खिडकीला डोकं लावून रडले, आणि तेही दुःखानं नाही, संतापानं.

हे वाचणाऱ्या, तुमसरलाच राहिलेल्या बायांनो, तुम्ही विचारता की रायपूरच काहून? नागपूर जवळ होतं. पण नागपुरात आपली अर्धी भावकी राहते. रायपूर छत्तीसगडची राजधानी, अजून वाढतच होतं. कचेऱ्या नव्या, रस्ते खोदलेले, माणसं कुठकुठून आलेली, बस्तरची, ओडिशाची, बिहारची. इथं लोक विचारतात, "कहाँ से हो?" आपल्याकडे विचारतात, "कोणाचा पोट्टा हायेस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत होतं.

भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम मिळालं, ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. शेठनं माझे कागद पाहिले, मग मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिले आणि विचारलं, "टाइपिंग आती है?" मी म्हटलं, हव. "तो बैठो." एवढ्यावर मुलाखत संपली. राहायला समता कॉलनीत एका दाताच्या दवाखान्यामागे खोली घेतली. ते चार शर्ट पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या चौकीदाराला देऊन टाकले. तो अजूनही ते घालतो. कधीमधी म्हणतो, "दीदी, कॉलर घिस गई, पर बटन एक नहीं टूटा." मी कधी लक्ष दिलं नाही.

तुमसरची आठवण येत नव्हती, मराठीची येत होती. कॉलनीत मराठी घरं आहेत, पण त्यांच्या मुलांशी मराठीत बोललं की उत्तर हिंदीत येतं. म्हणून मोबाइलवर गोष्टींचं एक ॲप घेतलं. तिथं कोणीही लिहू शकतं, भागाभागानं, आणि वाचणाऱ्या बायका खाली भांडत, रडत, हट्ट करत असतात. मी नाव घेतलं शलाका. माझं खरं नाव, मी स्वतः ठेवलेलं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. पहिल्या गोष्टीखाली कोणा अकोल्याच्या बाईनं लिहिलं, "ताई, पुढचा भाग लवकर टाका ना." ट्रकांचे हॉर्न वाजत होते, धूळ उडत होती आणि मी तो 'ताई' पुन्हा पुन्हा वाचत होते. तुमसरात ज्या शब्दासाठी मार खाल्ला तो इथं कोणीतरी घाईघाईत, न विचारता देऊन गेली होती.

दोन वर्षं मी तशी सुखात होते. मग ॲपवर मिताली आली.

मिताली रायपूरचीच, बूढापाऱ्यात राहणारी. भोसल्यांच्या काळापासून इथं असलेल्या मराठी घरातली, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी जास्त आणि शुद्धलेखन देवाच्या भरवशावर. तिनं पहिल्याच दिवशी प्रोफाइलवर लिहिलं, मी ट्रान्सजेंडर आहे, आणि खाली फोटो टाकला. ती पायरीवर बसलेली आणि मागे तिची आई तिच्या केसांना तेल लावते आहे.

त्या एका फोटोवर तिला जितके लोक मिळाले तितके मला दोन वर्षांत मिळाले नव्हते. तिच्या गोष्टी मी बारकाईनं वाचायचे. नायिका बेशुद्ध पडायची, शुद्धीवर यायची, पुन्हा पडायची. मी मनातल्या मनात प्रत्येक चूक मोजायचे. कधीकधी तिच्या गोष्टीखाली कोणीतरी घाण लिहायचं, तसं आमच्यासारख्यांना सगळीकडेच लिहितात. तिच्या वाचक बायका पदर खोचून त्या माणसावर तुटून पडायच्या. पण त्या आधीच्या पाच मिनिटांत, ती घाण एकटीच तिथं लटकत असताना, मला बरं वाटायचं. हे लिहिताना मान खाली जाते, पण लपवून काय करू? मला तिचं नाव, तिचे वाचक काही नको होतं. मला तिच्या डोक्यावरचे ते तेलाचे हात हवे होते.

पुढे रायपुरात राहणाऱ्या आम्हा सहासात लिहिणाऱ्यांची एका रविवारी तिच्याच घरी बैठक ठरली. मी फूल म्हणून इतके दिवस लपले होते, तिथं माणूस म्हणून गेले. दारातच मितालीनं मला पाहिलं आणि ओळखलं. आम्ही एकमेकींना ओळखतोच. माझा हात धरून आपल्या शेजारी बसवलं. तिची आई निवृत्त शिक्षिका. तिनं तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे आणून ठेवले आणि दर दोन मिनिटांनी येऊन विचारायला लागली, "और एक लो ना बेटा. मिताली, तिला वाढ." मिताली वैतागली. म्हणाली, "आई, किती बोलतेस गं! जा ना आत." आई हसत आत गेली. हातातला फरा मी ताटलीत परत ठेवला. जिच्यावर चिडता येतं अशी आई घरात असणं म्हणजे काय हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं.

घरी आले आणि त्याच रविवारी मी ती गोष्ट लिहिली. 'आईनं शिवलेला पहिला ब्लाउज.' मुलगी घर सोडून निघते. आई एक शब्द बोलत नाही. गाडी डोंगरगडला पोहोचते तेव्हा मुलगी बॅग उघडते, तर आत पोपटी ब्लाउज. आईनं माप न घेता, नुसत्या नजरेच्या अंदाजानं शिवलेला, आणि अंगात अगदी नेमका बसणारा. मशीन आमचीच घातली, सोनेरी अक्षरं पुसट झालेली. बटणांचा बिस्किटाचा डबाही आमचाच. गोष्ट टाकताना ॲप विचारतं, प्रकार कोणता? कथा, कविता, सत्यकथा. माझं बोट 'सत्यकथा'वर गेलं. चुकून नाही. जास्वंदीचं फूल काढून माझा फोटोही लावला.

लोक अक्षरशः रडले. अशी आई सगळ्यांना मिळो. माउली आहे माउली. ताई, पुढचा भाग? मी पुढचा भाग टाकला. मग त्याच्या पुढचा. पाच भागांत ती आई रायपूरला आली, माझ्या खोलीचे पडदे शिवले, शेजारणींना सांगून आली की ही माझी लेक. मितालीनंही लिहिलं, पण सगळ्यांसमोर नाही, मला एकटीला: "तुझी आई मला दे. माझी फोटोत छान येते, पण बाबा मी खोलीत आले की उठून जातात, आणि आई त्यांच्या मागे जाते." वाचून वाईट वाटलं. हेवा मात्र गेला नाही. उठून जाणारे का होईना, रोज घरात होते ना.

आईचा फोन त्यानंतर महिन्याभरानं आला. जेवणाची सुट्टी होती, डबा उघडा होता. चार वर्षांत तिनं स्वतःहून केलेला पहिला फोन.

"ती बाई कोण व्हय?"

"कोणती बाई, आई?"

"तुह्या गोष्टीतली. पोपटी ब्लाउजवाली. सोनाराची पोट्टी माप द्याले आली होती, तिनं फोनवर दाखवलं. म्हणे, काकू, मशीन तुमचीच दिसते. मंग मी तिच्याकडून पाचही भाग वाचून घेतले."

"आई, ती नुसती गोष्ट आहे."

"वरतं त सत्यकथा लिवलं हाये." थोडं थांबली. "लोकं तिले माउली म्हनून राहिले. देवी म्हनून राहिले. अन् मी कुठं हाओ त्याच्यात? इतकी चांगली बाई भेटली त राहय तिच्याचजवळ."

मी हा आवाज ओळखत होते. मितालीचा फोटो बघताना माझ्या पोटात जे बोलायचं ते हेच होतं. माझी आई, जिनं मला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं, ती मी रचलेल्या एका बाईवर जळत होती. मला हसू आलं आणि मी उघडा डबा झाकून ठेवला.

"अन् माप न घेता ब्लाउज शिवते का कोणी?" तिचा आवाज चढला. "अंदाजानं? अंदाजानं शिवलेला ब्लाउज मुंढ्यात, काखेशी चढते, पाठीवर फुगते. इतके वर्षं झाले मी शिवून राहिली. गिऱ्हाईक वाचतीन त काय म्हनतीन मले?"

"चुकलं आई."

"मी चार शर्टांचे बटन पक्के करून देल्ले होते. डबल धाग्यानं. परगावी तुटलं त तुले कोण लावून देईन म्हनून. ते काहून नाही लिवलं?"

त्या सकाळी पाटावर बसून ती गिऱ्हाइकाचं काम करते आहे असं मी धरून चालले होते. शर्ट दिसले, बटणं दिसलीच नाहीत. मी तिला खरं तेच सांगितलं, की शर्ट चौकीदाराला देऊन टाकले.

तिनं विचारलं, "त्याचं तुटलं का एखादं?"

"एकही नाही."

"तुटनारच नाही." आणि पुढे एकदम कामाच्या आवाजात, "छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, उंची. सारं टेपनं मोजून सांग. दुसऱ्याकडून मोजून घे, आपलं आपल्याले बरोबर येत नाही." फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी मी 'सत्यकथा' काढून 'कथा' केलं आणि खाली लिहिलं की अशी बाई नाही, माझी आई वेगळी आहे. काही जणी चिडल्या, ताई, फसवलंत, म्हणून सोडून गेल्या. जाऊ देत.

टेप घेऊन मी बूढापाऱ्यात गेले. मितालीच्या आईनं माझं माप घेतलं. "हात वर कर बेटा, श्वास रोकू नको." मिताली दाराला टेकून आकडे लिहून घेत होती. लिहिता लिहिता म्हणाली, "आई, माझं असं माप तू कधी घेतलं नाहीस." तिच्या आवाजातला हेवा ऐकून मला तिच्याबद्दल पहिल्यांदा खरी माया वाटली.

तिथूनच तुमसरला फोन लावला. आईची मापं लिहायची वही तुम्हाला माहीत आहे, गावातल्या निम्म्या बायांचं एकेक पान आहे तिच्यात. लहानपणी ती मशीनवर नसली की मी ती वही उघडून बसायचे. वर नाव, खाली आकडे. कांता, उषा, सोनाराची मोठी, सोनाराची धाकटी. त्या पानांचा मला जितका हेवा वाटला तितका मितालीचाही नाही. घर म्हणजे काय असं माझ्यासारख्या निघून आलेल्यांना कोणी विचारलं, तर प्रत्येकीचं उत्तर वेगळं येईल. माझं घर त्या वहीत होतं, आणि मी त्यात नव्हते.

मी एकेक आकडा सांगितला. ती पुटपुटत लिहीत होती. मग पेन्सिल थांबली.

"वरतं नाव काय टाकू?"

मितालीची आई बघत होती, मिताली बघत होती. मी म्हणाले, "शलाका."

तिकडून पेन्सिलीचा आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर लिहिल्यासारखा.

"शलाका," ती म्हणाली. "बरं. रंग कोनता?"

"पोपटी."

"पोपटी नाही. तो त्या बाईनं शिवला. दुसरा सांग."