विहीर गोड होईपर्यंत

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पाण्यातलं मला कोणी शिकवायचं नाही, हा माझा जन्मभराचा ताठा. गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला आमचा भाजीपाला होता. तिथे मी चाळीस वर्षं दारं धरली. म्हणजे पाटाचं पाणी फावड्याने एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत नेलं. आमच्यात नियम एकच : शेवटचा वाफा भरल्याशिवाय पाणी तोडायचं नाही. माझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा मी शेवटचा वाफा भरून, चिखलाच्या पायांनी पाटावर बसलो. बायको अजून ते ऐकवते.

साठी उलटल्यावर पोरं म्हणाली, "दादा, आता बसून खा." बसून खा म्हटलं की माझं डोकं फिरतं. सातपूरला गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या एकाकडून ताडपत्रीच्या दोन पाठपिशव्या शिवून घेतल्या आणि बायकोला म्हणालो, चल. डहाणूपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत किनाऱ्याने जायचं. जमेल तिथे पायी, खाडी आली की तरीने, अगदीच दमलो तर एसटीने. थोरला हसला. म्हणाला, "आठ दिवसांत परत येताल." तेवढ्या एका वाक्यावर मी पाच आठवडे चाललो.

सहाव्या आठवड्यात बायकोच्या टाचेला भेग पडली आणि एका गावात दोन दिवस मुक्काम करायचं ठरलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या घरी उतरलो त्या बाईंना ते आवडणार नाही. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या, आणि रस्ता संपला की सुरूचं बन, पलीकडे समुद्र. बाई सत्तरीच्या, एकट्या. मागची खोली पाहुण्यांना द्यायच्या आणि जेवू घालायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला नाशिककर.

घरामागे त्यांची विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी असं गोड की मी दोन तांबे प्यायलो. ताई सकाळी अर्धा तास पंप लावायच्या, संध्याकाळी अर्धा तास. मध्ये बंद. मी म्हणालो, "पाणी आहे तर चालू ठेवा की."

"अहो नाशिककर, विहीर म्हणजे म्हैस नव्हे, पिळत राहायला."

मला वाटलं, ही कोकणची सुस्ती.

दुसऱ्या दिवशी ताईंना लेकीकडे जावं लागलं, एका रात्रीसाठी. घर आमच्यावर सोपवलं. जाताना पायरीवरून पुन्हा म्हणाल्या, "पंप अर्धा तास. त्यावर नको." आदल्या दिवशी जेवताना त्यांनी तक्रार केली होती की इथे कोथिंबीर येते ती एसटीने, सुकलेली. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. नाशिकच्या माणसासमोर सुकलेली कोथिंबीर! मी त्यांच्याच डब्यातले मूठभर धणे घेतले, चपलेखाली रगडून दोन-दोन डाळ्या केल्या, पोफळीखालच्या मोकळ्या जागेत आठ वाफे पाडले, पाट काढला आणि पंप सुरू केला.

आमची काळी जमीन पाणी धरते. तिथली पुळण, नुसती वाळू. पहिल्या वाफ्यात पाणी शिरलं ते गेलंच खाली. अर्धा तास झाला, तासही झाला, तरी पाणी तिसऱ्या वाफ्यापुढे सरकेना.

बायको म्हणाली, "आवो, बंद करा. त्या काय सांगून गेल्या?"

"त्यांना शेतीतलं काय कळतं?"

"विहीर त्यांची हाय ना?"

मी फावडं ठेवलं नाही. दुपार कलली तेव्हा आठवा वाफा भरला आणि मी पंप बंद केला. मिशीवरून हात फिरवला तो आठवतो.

सकाळी बायकोने चहा टाकला. दूध ओतलं तसा नासला. मी म्हणालो, दुधात खोट आहे. तिने दुसरं दूध आणलं, तेही फाटलं. तिसऱ्यांदा तिने नुसतं पाणी वाटीत ओतून माझ्यासमोर ठेवलं. मी प्यायलो. खारट मचूळ.

शेजारच्या वाडीत नारळ पाडणारा एक म्हातारा होता. त्याने वाटी चाखली, थुंकला. "वर गोडं असतं, खाली खारं बसलेलं. तुम्ही वरचं सगळं ओढलंत, खालचं वर आलं."

"परत गोड होईल?"

"एखादी होते आठ-दहा दिवसांत. एखादी पावसाळ्यापर्यंत रुसते."

फेब्रुवारी संपत होता. पावसाळ्यापर्यंत ताईंनी प्यायचं काय, पाहुण्यांना द्यायचं काय? खोली चालायची ती त्या पाण्यावर. माझ्या मनात आलं, पिशव्या उचलाव्यात आणि ताई यायच्या आत सुटावं. तसा हातही पिशवीला गेला होता. बायको टाचेला तेल चोळत बसली होती. म्हणाली, "जा तुम्ही. माझी टाच दुखती."

ताई दुपारी आल्या. मी अंगणातच गाठून सांगितलं. आयुष्यात "माझं चुकलं" म्हणायची सवय नव्हती, त्यामुळे ते मोठ्याने निघालं, भांडल्यासारखं. ताईंनी वाफे बघितले, विहिरीत वाकून बघितलं.

"मी अर्धा तास म्हटलं होतं."

"हो."

"आता तिला हात लावू नका. निजू दे."

मी म्हणालो, "ती गोड होईपर्यंत मी हलत नाही."

"मग बसा," ताई म्हणाल्या. "बसायला येतं का बघा."

देवळाच्या विहिरीवरून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन हंडे मी वाहिले. ते झालं की काम नाही. ताई आणि बायको खोवणीवर नारळ खोवत कुजबुजायच्या, मी गेलो की गप्प व्हायच्या, मी वळलो की हसायच्या. एकदा सुपारी सोलायला बसलो तर ताईंनी अडकित्ता काढून घेतला. "बोटं ठेवा शिल्लक, हंडे उचलायला लागतील."

मग मी सुरूच्या बनात जाऊन बसायला लागलो. पहिले दोन दिवस नुसता चडफडलो. एवढं पाणी समोर, आणि वळवायला एक दार नाही. यायचं तेव्हा येतं, जायचं तेव्हा जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी फावडं नसलेले हात मांडीवर पडून राहिले. खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाबाहेर रांगोळीसारख्या मांडायचे, भरती यायची, पुसून टाकायची, ओहोटीला ते पुन्हा मांडायचे. बायको लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचून पाण्यात उभी राहायची. खाऱ्या पाण्याने टाच बरी झाली. मला हाक मारायची, "या ना, चावत नाय!" पाचव्या दिवशी गेलो.

एसटीडी बूथवरून थोरल्याला फोन केला. "कुठवर पोचले, दादा?" मी म्हणालो, "चालू आहे."

रोज संध्याकाळी ताई घागर सोडून एक ओंजळ चाखायच्या. मला चाखू द्यायच्या नाहीत. मान हलवायच्या, की मी हंडा उचलायचो. माझ्या आठ वाफ्यांत एक कोंब आला नाही. चार काड्या उगवल्या त्या भांडी घासायच्या दगडाशेजारी, जिथे धणे नुसते सांडले होते.

दहाव्या संध्याकाळी ताईंनी ओंजळ चाखली आणि मान हलवली नाही. घागर घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने चहाचा कप माझ्या पुढ्यात ठेवला. वर दाट साय, एक गुठळी नाही. चहात चिमूटभर आलं आणि ताईंच्या कपाळावर आठी.

"झालं, नाशिककर. आता जा तुमच्या गोव्याला."

मी चहा संपवला. मग म्हणालो, "दोन दिवस राहिलो तर चालेल?"

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. ताई म्हणाल्या, "पंपाचं बटण सोडून कुठेही बसा."

दोनाचे चार दिवस झाले. गोव्याची हद्द काही आम्ही गाठली नाही. तिथूनच एसटीने नाशिकला आलो. थोरल्याने दारातच विचारलं, "मग, काय काय बघितलं?" मी पिशवी उतरवत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "यांनी एक विहीर बघितली. चौदा दिवस."

मी पिशवी तिथेच टेकवली. मागे मळ्यात गेलो. धाकट्याने दारं धरली होती, शेवटचा वाफा अजून अर्धा होता. मी मोटर बंद केली. तो ओरडला, "दादा, भरला नाही अजून!"

"राहू दे," मी म्हणालो. "उद्या भरू."