हायड्रा आणि तांब्याचा हंडा

“अठरा अंशांवर ठेवा, मॅडम,” पुण्याहून माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक फोनवर इतक्या सहज म्हणायचे की मला एसटीडी बूथमध्येच रडू यायचं. अठरा अंश! परळीत! मे महिन्यात! बाहेर बेचाळीस, बूथच्या काचेआड त्याहून जास्त, आणि विजेचं तर विचारूच नका. औष्णिक केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसायची, त्यांची राख आमच्या पापडांवर पडायची, आणि ऐन दुपारी आमच्याच घरातली लाईट गुल. “बघते सर,” म्हणायचं, पैसे द्यायचे आणि पदर डोक्यावर घेऊन घरी चालू लागायचं.

मला खरं तर सी-ॲनिमोनवर काम करायचं होतं. एम.एस्सी.च्या सहलीत कोकणच्या खडकांवर पाहिले होते. फुलासारखे दिसणारे, पण जिवंत प्राणी. मग लग्न झालं आणि आले परळीला, किराणा दुकानदाराच्या घरात. समुद्र राहू द्या, इथं नळाला पाणी आठवड्यातून एकदा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली हेच नशीब. म्हणून सी-ॲनिमोनचा गोड्या पाण्यातला भाऊबंद धरला, हायड्रा. नखाएवढा जीव, एका टोकाला तोंड आणि त्याभोवती पाच-सहा भुजा, दुसऱ्या टोकाला चिकटून राहायला पाय. मधोमध कापला तर वरच्या तुकड्याला नवा पाय फुटतो, खालच्याला नवं तोंड. उलट कधीच होत नाही. वर कुठं आणि खाली कुठं हे त्या चिमुकल्या तुकड्याला कसं कळतं, हा माझा प्रश्न. ते कळलं तर माशाला, बेडकाला, तुम्हाआम्हाला डोकं एकाच बाजूला कसं आलं याचाही काही पत्ता लागेल. स्टाफरूममध्ये हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “पण मॅडम, याचा उपयोग काय?” कपाळ माझं!

माझे हायड्रा नांदूरघाटच्या एका विहिरीतले. एकच सापडला होता. त्याला कोंब फुटत फुटत शेकडो झाले. आणि हे पठ्ठे पुण्याच्या हायड्रांपेक्षा चिवट निघाले. तिकडचे ज्या उष्णतेत मान टाकायचे, त्या उष्णतेत माझ्याकडच्यांना नवं तोंड फुटायचं. सगळा प्रबंध त्यावर उभा होता. नोंदणीची मुदत संपत आली होती, मार्गदर्शक स्वतः बघायला येणार होते, आणि ती विहीर त्या उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडली होती. म्हणजे पुन्हा आणायचे म्हटलं तरी आणणार कुठून?

कॉलेजच्या लॅबवर पत्रे. तिथं ठेवले असते तर उकडून निघाले असते. म्हणून एक काचपात्र तेवढं स्टाफरूमच्या माठाखाली गारव्याला ठेवून बाकीची पाच मी घरी आणली आणि स्वयंपाकघरात माठाशेजारी ओल्या वाळूत मांडली, वरून ओलं पोतं. सासूबाई भडकल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो.

“माणसाला प्याला पानी न्हाई आन तू किडे कावून पाळायलीस गं?”

रोज हेच. शेवटी वैतागून मी म्हणाले, “आत्याबाई, हे किडे म्हातारे होत नाहीत. आपण मेलो तरी हे असेच राहतील.”

 त्यांनी खाली बसून भिंगातून बघितलं, बराच वेळ. “अमर हाय म्हन की,” म्हणाल्या. त्या दिवसापासून पोतं ओलं करायचं काम त्यांनी घेतलं, मी न सांगता. शेजारणींना बोलावून दाखवायच्या. मला वाटलं, चला, सुटले एकदाची.

तेवढ्यात पेपर तपासायला विद्यापीठात जायचं फर्मान आलं. तीन दिवस. पोतं ओलं ठेवा, एवढं सांगून मी गेले. परत आले, चपलासुद्धा न काढता वाळूकडे धावले. पाचही पात्रांत तळाला पांढुरका गाळ. भुजा नाहीत, अंगं नाहीत. सगळे विरघळून गेले होते.

“कुणी हात लावला याला?” मी ओरडले.

आत्याबाई हसतमुखानं पुढं आल्या. “म्या पानी घातलं. लई आटलं हुतं गं. माठातलं न्हाई घातलं बरं का, हंड्यातलं घातलं.”

तांब्याच्या हंड्यातलं! आमच्या घरात याच्याइतकं चांगलं पाणी दुसरं नाही. महादेवाला तेच, बाळंतिणीला तेच, सासऱ्यांना उठल्याबरोबर तेच. आणि हायड्राला तांब्याचा अंशसुद्धा विष. लॅबमधल्या बाटल्याबाटल्यांवर मी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं की तांबं लावू नये. इंग्रजीत. घरात एका शब्दानं सांगितलं नव्हतं. यांना काय कळणार, असं मला वाटलं होतं. पण त्या वेळी हे कुठलं सुचायला! मी तोंडाला येईल ते बोलले. पाच वर्षं मातीत घातली म्हणाले, अडाणीपणा म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. तिथलं पात्र लॅबच्या शिपायाकडे सोपवलं होतं. त्यांना सगळे मामा म्हणतात. “पाणी बदललं का मामा?” “रोज मॅडम, रोज!” पात्र होतं स्टाफरूमच्या माठाखाली, शेवाळलेलं. सुट्टी लागल्यापासून पंधरा दिवसांत कुणी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तळाशी भिंग धरलं. तीन होते. उपाशी राहून राहून टाचणीच्या डोक्याएवढे झालेले, पण भुजा हलत होत्या. मी तिथंच फरशीवर बसून रडले. मामा म्हणाले, “बघा, म्हनलं न्हवतं?”

त्या तिघांपासून पुन्हा शेकडो झाले. मार्गदर्शकांनी वर्षभराची मुदतवाढ मिळवून दिली, प्रबंध झाला. आभाराच्या पानावर मामांचं नाव आहे. आत्याबाई “घरच्या सर्व मंडळींत” आल्या. आज ते पान उघडलं की माझाच मला संताप येतो.

पात्रं पुन्हा घरी आणली त्या दिवशी बघते तर हंड्याची जागा रिकामी, तिथं स्टीलची कळशी. हंडा फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेला. आत्याबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेला तो. चाळीस वर्षं त्या रोज चिंचेनं घासत आल्या होत्या.

“अहो आत्याबाई, हंडा राहू द्या की. तुम्ही प्या त्यातलं. यांना तेवढं घालू नका म्हणजे झालं.”

“आन इसरले म्हंजी? माज्या आता काई ध्यानात ऱ्हात न्हाई, पोरी. मी काय तुज्या किड्यावानी हाय का? म्हातारी झाले.”

एवढं बोलून त्या वाळूपाशी बसल्या आणि पोतं पिळून पुन्हा ओलं करू लागल्या.