प्रकाशाचा वेग आणि सासूबाईंचे पापड

तापमानाने प्रकाशाचा वेग बदलत नाही, हे आमच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात एका रविवारी सिद्ध झाले. जीवितहानी झाली नाही. पापडहानी झाली.

त्या दुपारी आमच्या लेकीच्या, इराच्या होणाऱ्या सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला येणार होती. माझ्या सासूबाईंनी उन्हाळ्यात स्वतः लाटलेल्या उडदाच्या पापडांचा शेवटचा डबा त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. त्या आणि माझी बायको भाजी आणायला मंडईत गेल्या. घरात उरलो इरा आणि मी. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे मला सगळेच विषय येतात.

चहा घेताना मी म्हणालो, थंडीत प्रकाश हळू चालत असणार. डिसेंबरात उजाडायला किती उशीर होतो, बघ. इराने कप खाली ठेवला. निर्वात पोकळीत तापमानाचा संबंधच नसतो, ती म्हणाली. हवा तापून विरळ झाली की वेग नावापुरता वाढतो, पण तो फरक घरी दिसणार नाही.

वेग मात्र घरी मोजता येतो, असे म्हणून तिने मायक्रोवेव्हमधले फिरते चाक काढले आणि ताटलीवर एक पापड स्थिर ठेवला. (आतल्या लहरी प्रकाशाच्याच भाऊबंद.) पापड ठरावीक जागीच फुलला. दोन फुगवट्यांमधले अंतर मोजून तिने दुप्पट केले आणि ओव्हनच्या मागे लिहिलेल्या वारंवारतेने गुणले. उत्तर जवळपास बरोबर आले. इरा समाधानाने आंघोळीला गेली.

मी मात्र दुजोऱ्याशिवाय बातमी न छापणारा माणूस. दुसरा पापड फ्रीझरमध्ये गार केला. अंतर तेच. फ्रीझरवर विश्वास नव्हता, म्हणून तिसरा जास्त वेळ ठेवला. तेच. मग बाल्कनीतल्या उन्हात तापवलेला. तेच! एवढे एकमत मला संशयास्पद वाटले. (पत्रकार परिषदेत सगळे एकच बोलू लागले की काहीतरी लपवलेले असते.) प्रत्येक निष्कर्षाला दुजोरा घेतला, मग दुजोऱ्यालाही.

इरा बाहेर आली. "बाबा, पापड गार केला म्हणून ओव्हनमधली हवा गार होते का?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. डबा रिकामा झाल्याचेही नव्हते. तेवढ्यात दार उघडले.

सासूबाईंनी ओट्यावरची चळत पाहिली. प्रत्येक पापड चार ठिपक्यांपुरता फुललेला, बाकी कच्चा. बायकोने एक गॅसवर धरून पाहिला, ठिपके जळले. दुसरे काही सुचायच्या आत बेल वाजली.

पंगतीत व्याह्यांनी पापड उलटसुलट करून पाहिला. हा काही खास प्रकार आहे का, त्यांनी विचारले.

"जावईबापूंनी भाजलेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "वर्तमानपत्रात होते ना. खात्री केल्याशिवाय ते काही बाहेर देत नाहीत. कशाची खात्री, ते मात्र विचारू नका."

व्याही ठसका लागेपर्यंत हसले, विहीणबाईंनी आणखी एक मागून घेतला आणि लग्न ठरलेलेच राहिले. माझ्या ताटात सासूबाईंनी स्वतः निवडून पापड वाढला, फ्रीझरमध्ये राहून गेलेला, एकही ठिपका नसलेला. तो पूर्ण कच्चा होता, याला मी स्वतंत्रपणे दुजोरा देतो.