पान बावीसचं दगडफूल

सही करायला टेकवलेलं पेन आक्कांनी परत उचललं. "आधी पान बावीस उघडा," म्हणाल्या.

मी कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालो. आता आमचा ग्रुप छपाई बंद झालेली पुस्तकं स्कॅन करून नेटवर फुकट ठेवतो. छपाई थांबली तरी कॉपीराइट, म्हणजे पुस्तकाचा हक्क, लेखकाकडेच राहतो. त्याची सही नसली की आमचं काम अडलं. उचगावच्या आक्कांनी तरुणपणी पाककृतींचं पुस्तक लिहिलं होतं. त्याची एकच प्रत उरली होती, तीही त्यांच्याच ट्रंकेत.

पान बावीसवर चटणी होती. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा, लसूण, मसाला घालून कुटलेलं तिखट. उन्हाळ्यात एकदा करायचं, वर्षभर पुरवायचं.

"ह्यात दगडफूल न्हाय," आक्का म्हणाल्या.

"छापताना राहिलं असेल."

"राहिलं न्हाय, मीच गाळलं. मालनला माझ्यासारखी चटणी जमू नये म्हणून."

मालन त्यांची धाकटी जाऊ, राहते भिंतीपलीकडं. आक्कांचे डोळे भरून आले. "चाळीस वर्सं बिचारी बोलणी खातीया. आता जगापुढं खोटं ठेवू व्हय? दगडफूल घाला, मग सही."

पंचाईत झाली. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. छापलंय ते चुकीसकट जाणार. मी ग्रुपच्या मॅडमना फोन लावला.

"एक शब्दही वाढवायचा नाही," त्या म्हणाल्या. "आज दगडफूल घालाल, उद्या कादंबरीचा शेवट बदलाल."

"मग सही मिळत नाही."

"मिळवा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी वैतागलो. मग सुचलं. लेखिकेनं आपल्याच प्रतीत काही लिहिलं, तर तो त्या प्रतीचाच भाग. पुस्तकात लिहितात म्हणून जन्मभर पोरांना झापलं, आणि आता मीच समासावर बोट ठेवून म्हणालो, "इथं लिहा."

आक्कांनी लिहिलं, 'दगडफूल मूठभर. मालन, चुकलं माझं.' फॉर्मवर सही केली. माझं काम झालं होतं, निघायला हवं होतं. पण त्यांनी भिंतीवरून हाक मारून मालनकाकूंना बोलावलं आणि पान पुढं केलं.

काकूंनी सावकाश वाचलं. "दगडफूल व्हय? ते मला पयल्या सालापास्नं ठावं हाय, आक्का."

"मग घातलं का न्हाईस?"

"चटणी बरी झाली असती, तर दरसाली दोन्ही घरची मलाच करावी लागली असती की! जमत न्हाय म्हटल्यावर तुम्हीच करत आलासा."

मिरच्या भाजताना उठणारा चाळीस उन्हाळ्यांचा खकाणा आक्कांना आठवत असावा. मग माझ्याकडं वळल्या.

"पावणं, ते लिवलेलं खोडता येतंय?"

"नाही. खाडाखोड चालत नाही."

"पर समासात जागा हाय न्हवं अजून?"

त्यांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'यंदापासून दोन्ही घरची चटणी मालन करणार.'

पान बावीस समासासकट नेटवर आहे. उन्हाळ्यात काकू मिरच्या भाजत होत्या आणि आक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. डबा मलाही आला. दगडफूल बरोबर पडलं होतं.

पुस्तकात पेननं लिहू नये, असं मी अजूनही सांगतो. लिहायचंच असेल, तर स्कॅनच्या आधी.