धाग्याचं फळ

धागेवाल्या काकू आपल्या झाडाचं सगळ्यात चांगलं फळ कधीच खात नसत. गच्चीवरच्या कुंडीत पहिला पुष्ट टोमॅटो दिसला की त्याच्या देठाला लाल धागा बांधत. तो बियांसाठी. त्याला कुणी हात लावायचा नाही. "ज्यानं पहिलं फळ खाल्लं, त्यानं पुढचं साल खाल्लं," म्हणायच्या.

काकू वऱ्हाडातल्या. काकांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बिबवेवाडीत, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये आल्या. येताना आईनं दिलेलं बी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. त्याचे टोमॅटो चपटे, चुण्या पडलेले, आंबटढाण. "मंडईत ठेवले तर फुकटही कुणी नेणार नाही," असं मी एकदा म्हणाले. "नको नेऊ. तुले कोण देऊन राहिलं?" काकूंनी तिथल्या तिथे माझं पुणेरीपण उतरवलं. संध्याकाळी सारासाठी चार टोमॅटो घेऊन दारात हजर.

बी धरायचं म्हणजे गर वाटीत काढून तीन दिवस झाकून ठेवायचा. वर बुरशी येई, वास जिन्यापर्यंत जाई आणि सोसायटीचे सेक्रेटरी नाक दाबून तक्रार करायला येत. "अहो, तीनच दिवस कळ काढा. मी चाळीस वर्षांपासून काढून राहिली." मग बी धुवायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घोळून डबीत ठेवायचं. दरवर्षी मी हे बघत होते, त्यामुळे मला येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मागच्या वर्षी गच्चीच्या दुरुस्तीत कुंड्या फुटल्या, डबी भिजली. उरलेल्या बियांतून एकच रोप आलं. त्याच्या पहिल्या फळाला काकूंनी धागा बांधला आणि आठवड्याभरात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. काका आधीच गेले होते. मुलगी नागपुरात, ती येईपर्यंत झाडाला पाणी आणि काकूंना डबा माझ्याकडे.

तीन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. "काही आंबट दे व माय," एवढंच म्हणाल्या. मी गच्चीवर गेले. धाग्याचं फळ लालबुंद पिकलं होतं. शेजारी दोन हिरवी होती. त्यांचं बी धरू, असं म्हणून मी धाग्याचं तोडलं. उकडलं, मिक्सरमधून काढलं, गाळलं. गाळणीतला चोथा सिंकमध्ये गेला. निदान उकडण्याआधी चार बिया बाजूला काढाव्यात, एवढंही मला सुचलं नाही. माझ्याइतकी शिकलेली मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

दोन चमचे सार घेऊन काकू थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"धाग्याचं आहे ना जागेवर?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी सगळी वाटी संपवली. पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात झाडाची पानं आकसली, दोन्ही हिरवी फळं न पिकताच गळाली. मी काय काय फवारलं, पण झाड गेलं.

नागपूरला परतण्याआधी मुलगी म्हणाली, "ताई, आई सांगत होती, बी तुमच्याकडे आहे." "देते," मी म्हणाले. मी मंडईतून टोमॅटो आणले, गर तीन दिवस झाकला, धुतला, वाळवला, राखेत घोळला. सगळं अगदी काकूंसारखं केलं आणि पुडी तिच्या हातात ठेवली.

परवा तिनं फोटो पाठवला. कुंडीत गोल, गुळगुळीत टोमॅटो, एकाच्या देठाला लाल धागा. खाली लिहिलं होतं, "ताई, आईसारखे आले नाहीत. माझंच काही चुकलं का? पहिला मात्र खाल्ला नाही."